उदबत्तीचा धूर बेसिनकडे जातो : अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता,
महाराष्ट्रातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये

विषय : ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी), सक्शन (कफ यंत्राने ओढून काढणे), इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे), थुंकीचा नमुना घेणे अशा कामांच्या वेळी कर्मचाऱ्यांच्या श्वासात जाणाऱ्या हवेबाबत.

महोदय, महोदया,

मी श्वसनविकार विभागात अधिपरिचारिका आहे. नोकरीची १९ वर्षं झाली, त्यातली शेवटची सात स्कोपी रूममध्ये गेली. रुग्ण तिला दुर्बिणीची खोली म्हणतात. ‘सिस्टर, दुर्बीण घातल्यावर दुखेल का?’ हा प्रश्न मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सात-आठ वेळा तरी ऐकते. हे पत्र त्या खोलीतल्या हवेबद्दल आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण एका रुग्णालयाची तक्रार करायचा माझा हेतू नाही. बदल्यांच्या निमित्ताने तीन जिल्ह्यांत काम केलं आणि तिन्हीकडे खोली सारखीच होती.

आपल्यापैकी कोणी शरीररचनाशास्त्रातून या पदावर आले असतील, कोणी अस्थिरोगातून, कोणी बालरोगातून. स्कोपीच्या टेबलाच्या डोक्याशी उभं राहण्याची वेळ सगळ्यांवर आली असेलच असं नाही. म्हणून तिथे काय होतं ते आधी सांगते.

रुग्णाच्या घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारला की तो खोकायला लागतो. दुर्बीण स्वरयंत्रातून खाली उतरते तेव्हा खरी उबळ येते. कितीही समजावून सांगितलं तरी येते, त्याला इलाज नाही. त्या वेळी त्याचं डोकं माझ्या दोन हातांत असतं आणि माझा चेहरा त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावरही नसतो. डॉक्टर २० मिली सलाइन आत सोडायला सांगतात, मग ओढून घेतात. सक्शनच्या डबीत गढूळ पाणी जमतं. मी झाकण लावते, लेबल लावते, नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जलद तपासणीला जातो. दुर्बीण बाहेर येताना पुन्हा खोकला. आमचे मदतनीस, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ती घेऊन कोपऱ्यातल्या बेसिनवर जातात, आतल्या नळीतून ब्रश फिरवतात, पाण्याचे शिंतोडे उडतात. तोवर पुढचा रुग्ण टेबलावर आलेला असतो. मधे दहा मिनिटंही जात नाहीत. खिडकी बंद, एसी सुरू.

दुपारी अडीच-तीनला फोन येतो : ‘सिस्टर, तो दुसऱ्या नंबरचा पेशंट, एमटीबी डिटेक्टेड. रिफाम्पिसिन रेझिस्टन्सही आहे.’ म्हणजे टीबीचे जंतू सापडले, आणि तेही मुख्य औषधाला दाद न देणारे. तोवर त्या खोलीत आम्ही यादीतले सगळे रुग्ण संपवलेले असतात. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या रुग्णाची हवा तिसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी घेतली. आम्ही तर घेतलीच.

तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीत पाणी झालं. उजव्या बाजूला दुखायचं, जिना चढताना दम लागायचा, मी महिनाभर ते नाईट ड्युटीवर ढकललं. मग एक्सरे, पाणी काढलं, सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं. मला रजा मिळाली, पगार मिळाला, मुलांना सासूबाईंनी सांभाळलं. मी निभावले. माझ्यानंतर दीड वर्षाने मामांना टीबी झाला, तो एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा निघाला. १८ महिन्यांचे उपचार. मामा कंत्राटी. काम नाही तर पगार नाही, आणि दुसऱ्याच महिन्यात कंत्राटदाराने त्यांच्या जागी दुसरा माणूस आणून उभा केला.

मला कोणत्या रुग्णाकडून लागण झाली, कोणत्या शुक्रवारी झाली, हे मी सांगू शकत नाही. मामाही सांगू शकत नाहीत. ‘टीबी काय, लोकलमध्येही होतो, शेजारीही होतो,’ असं मला ऑफिसात ऐकवलं गेलं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढे मला एक गोष्ट लक्षात आली. सुई टोचली की आमच्याकडे सगळं व्यवस्थित होतं. रक्ताचा थेंब दिसतो, वेळ लिहिली जाते, रजिस्टरमध्ये नोंद होते, ७२ तासांच्या आत, जमलं तर दोन तासांत, एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू होतात. एवढी शिस्त याच व्यवस्थेने, याच लोकांकडून, याच तुटपुंज्या बजेटमध्ये बसवली. हवेतून झालेल्या लागणीला मात्र जखम नाही, वेळ नाही, थेंब नाही, म्हणून रजिस्टरही नाही. दोन-चार महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी ताप येतो तेव्हा तो ‘घरचा’ ताप ठरतो.

आता उदबत्तीचं सांगते.

केंद्र सरकारने २०१० साली रुग्णालयांतल्या हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आजारातून उठल्यावर मी त्या वाचून काढल्या. हवा कुठून कुठे वाहते हे पाहायचं तर उदबत्तीच्या धुरावरून कळतं, एवढी साधी गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. एका रविवारी, खोली रिकामी असताना, ऑक्सिजनची लाइन बंद आहे याची दोनदा खात्री करून, मी एक उदबत्ती लावली आणि टेबलावर रुग्णाचं डोकं असतं तिथे धरली. एसी नेहमीसारखा सुरू ठेवला. धूर आधी सरळ वर गेला. मग एसीच्या झोताने खाली दाबला गेला, मी उभी राहते त्या जागेवरून वळला आणि भिंतीच्या कडेकडेने सरळ बेसिनवर जाऊन थांबला. तिथे तो गोल फिरत राहिला. बाहेर पडायला वाट नव्हतीच. पंधरा मिनिटांनी मी दार उघडलं तेव्हा खोलीत देवघराचा वास कोंडलेला होता.

मामा सात वर्षं त्या बेसिनवर उभे होते.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. हे एसीच्या मेकॅनिकला माहीत असतं, आपल्या बांधकामाच्या आराखड्यात मात्र ते कुठे दिसत नाही. खोलीला एक एक्झॉस्टचं भोक होतं. त्यातून कबुतरं येतात म्हणून त्यावर पत्रा मारला. खिडक्यांना डासांसाठी जाळी लावली, मग एसीची हवा जाते म्हणून जाळीवर काच. प्रत्येक निर्णयामागे कोणाची तरी रास्त तक्रार होती. सगळे निर्णय मिळून खोली डब्यासारखी बंद झाली.

क्षयाचे जंतू ज्या कणांवर स्वार होऊन फिरतात ते १ ते ५ मायक्रॉनचे असतात. ते जमिनीवर पडत नाहीत, तासन् तास तरंगतात. हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या वॉर्डची हवा नळीतून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णाला एकाही प्राण्याने पाहिलं नाही, स्पर्श नाही, थुंकी नाही, फक्त हवा. गिनीपिगांना क्षय झाला. दुसऱ्या खोलीत तीच हवा अतिनील किरणांखालून नेली, तिथे एकालाही झाला नाही.

आणि त्याच्याही आधीच्या लोकांना, हातात औषध नसताना, हवेची किंमत ठाऊक होती. पाचगणीचं बेल-एअर असो किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीचं आरोग्यधाम, क्षयरोग्यांना ठेवायचं ते मोकळ्या हवेत, हाच तेव्हा उपचार होता. आपल्या जुन्या सरकारी रुग्णालयांचे दगडी वॉर्ड आठवा : उंच छत, समोरासमोर पुरुषभर उंचीच्या खिडक्या. पेरूमधल्या लिमा शहरात रॉड एस्कोम्ब यांच्या गटाने रुग्णालयांतली हवा मोजली आणि २००७ साली निष्कर्ष छापले. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या इमारतींत खिडक्या उघडल्यावर तासाला ४० वेळा हवा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. त्यांच्या हिशेबाने, उपचार सुरू न झालेल्या रुग्णांच्या हवेत २४ तास काढले तर लागण होण्याचा धोका जुन्या इमारतीत ११ टक्के, नव्या इमारतीत ३३, आणि तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या यंत्रांच्या बंद खोलीत ३९ टक्के. आमची स्कोपी रूम अशाच एका जुन्या वॉर्डच्या टोकाला, प्लायवूडचं पार्टिशन टाकून, खोटं छत लावून केलेली आहे. असलेली हवा आपण पैसे खर्च करून घालवली, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला एसी बंद करून गाऊन घालून काम करा, असं मी म्हणत नाही. एसी राहू दे. पण हवेला बाहेर जायला वाट हवी. आमची खोली साधारण १२ बाय १२ फूट, छत १० फुटांवर. म्हणजे १,४४० घनफूट हवा. ती तासाला १२ वेळा बदलायची तर मिनिटाला २८८ घनफूट बाहेर फेकावी लागते. बाजारात मिळणाऱ्या साध्या बारा इंची एक्झॉस्टची क्षमता याहून बरीच जास्त असते. तो रुग्णाच्या डोक्यामागच्या भिंतीत बसवावा, म्हणजे दाराखालून आलेली हवा आधी आम्हाला, मग रुग्णाला लागून बाहेर जाईल. आणि त्याचं तोंड बाहेर उघड्यावर असावं. ते कॉरिडॉरमध्ये काढलेलं मी पाहिलं आहे. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात.

हवा बदलायला वेळ लागतो, हेही यादी लावताना कोणी धरत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे, रुग्ण खोकायचा थांबल्यावर खोलीतले ९९ टक्के कण जायला तासाला १२ हवाबदल असतील तर २३ मिनिटं लागतात. सहा असतील तर ४६. दोनच असतील तर १३८ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. एक्झॉस्टवर पत्रा मारलेल्या आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीचा हिशेब आपणच करावा. आमच्याकडे एका सकाळीत आठ स्कोपी होतात. त्या कमी करा म्हटलं तर बाहेरगावाहून आलेला माणूस परत पाठवावा लागेल, ते मला नको आहे. पण ज्यांच्याबद्दल टीबीचा संशय आहे त्यांना यादीत शेवटी ठेवायला पैसा लागत नाही. ज्यांना थुंकी पडते त्यांचा सीबीनॅटचा रिपोर्ट, जो दोन-तीन तासांत येतो, हातात आल्याशिवाय दुर्बीण घालायची नाही, यालाही लागत नाही. त्या दुसऱ्या नंबरच्या रुग्णाला चांगली थुंकी पडत होती. नमुना दिला होता. रिपोर्टची वाट पाहायला कोणाला सवड नव्हती.

मास्कबद्दल सगळ्यात शेवटी बोलायला हवं, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी तेवढंच बोललं जातं. ‘एन-९५ दिलेत ना?’ दिलेत. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणारं कापड, पण ते चेहऱ्याला घट्ट बसलं तर. स्टोअरमध्ये इंडेंट दिलं की एकाच मापाचे येतात. वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर बसायला हवा, तो आमच्या अंबाड्यावरून घसरून मानेवर येतो. मग नाकाजवळ फट पडते, चष्म्यावर वाफ धरते. वाफ धरली म्हणजे हवा तिथून जाते-येते, कापडातून नाही. दाढी राखलेल्या रेसिडेंट डॉक्टरांचंही तेच.

एका प्रशिक्षणात आमची फिट टेस्ट झाली. डोक्यावर पारदर्शक टोप घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात, मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला सांगतात. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय. आम्ही अकरा जणी होतो, चौघींना गोड लागलं. त्या चौघींत मी होते. तोच मास्क मी तेव्हा पाच वर्षं वापरत होते. लहान मापाचा दुसऱ्या बनावटीचा लावला तेव्हा काहीच लागलं नाही. माझा चेहरा लहान आहे, एवढं साधं कारण. त्या दिवशी आमच्यात मामा नव्हते, सफाईच्या मावशी नव्हत्या, नर्सिंगच्या विद्यार्थिनी नव्हत्या. प्रशिक्षण ‘स्टाफ’साठी होतं. मामा साधा निळा सर्जिकल मास्क लावून दुर्बीण धुवायचे. तो मास्क लावणाऱ्याच्या तोंडातलं बाहेर उडू नये म्हणून असतो. बाजूने आत येणारी हवा तो अडवत नाही.

२०२० ने हे सगळं आपल्याला शिकवायला हवं होतं. त्या वर्षी २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना एकत्र येऊन त्याविरुद्ध लिहावं लागलं. मधल्या काळात आम्ही काय केलं? दाराच्या कड्या पुसल्या. कोणी फवारणीचे बोगदे उभारले. आमच्या रुग्णालयाला इंट्युबेशनसाठी ॲक्रिलिकच्या पेट्या देणगीत मिळाल्या, आम्ही हार घालून फोटो काढले. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने तशा, हवा ओढून न घेणाऱ्या पेट्यांची तातडीची परवानगी मागे घेतली, कारण त्यांनी धोका वाढू शकतो असं दिसलं. त्या काळात खिडकीवरची काच काढायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आणखी एक गैरसमज त्या काळात पक्का झाला : अमुक प्रोसिजर असेल तरच एन-९५, नाहीतर साधा मास्क. २००३ च्या सार्सने इंट्युबेशनचा धोका दाखवला होता हे खरंच आहे. त्या साथीत जगभरातल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्य कर्मचारी होते. नंतर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात इंट्युबेशन करणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता सहा पटींहून जास्त दिसली. पण २०२० साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी ऑपरेशन थिएटरमध्ये प्रत्यक्ष कण मोजले, तेव्हा साध्या खोकल्यातून इंट्युबेशनपेक्षा कितीतरी जास्त कण निघाले. भूल दिलेला माणूस खोकत नाही. जागेपणी दुर्बीण घातलेला खोकतो, नेब्युलायझर लावलेला खोकतो, ‘खोल श्वास घ्या आणि थुंकी काढा’ असं आपणच सांगतो तो तर खोकतोच. तो नमुना आमच्याकडे रुग्ण वॉर्डच्या बाथरूममध्ये देतात. त्यांच्या मागोमाग मावशी बादली घेऊन आत जातात. मागच्या व्हरांड्यात, पत्र्याच्या शेडखाली, उघड्यावर ती जागा करता येते. ऊन आणि वारा दोन्ही फुकट आहेत.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने २००४ मध्ये आपल्याच ७२६ कर्मचाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची तपासणी केली होती. जवळपास निम्म्यांच्या शरीरात क्षयाच्या लागणीची खूण सापडली, आणि नोकरीची वर्षं जितकी जास्त तितकं प्रमाण जास्त. लागण म्हणजे आजार नव्हे, बहुतेकांना तो आयुष्यभर होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या संस्थेने स्वतःकडे पाहायचं धाडस केलं आणि निघालेलं छापलं, याचा मला आदर वाटतो. आपल्या रुग्णालयात गेल्या दहा वर्षांत किती परिचारिकांना, किती रेसिडेंट डॉक्टरांना, किती मामा-मावशींना टीबी झाला, हे एका कागदावर लिहिलेलं आहे का? आमच्याकडे नाही. मी आठवून वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले तर चौदा जण आठवले. त्यांतल्या तिघी विद्यार्थिनी, हॉस्टेलवर राहणाऱ्या, वीस वर्षांच्या आतल्या. एकीने लग्न मोडेल म्हणून कोणालाच सांगितलं नाही, औषधं दुसऱ्या गावाहून घेतली.

कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेतल्या कामातून झालेले संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून धरलेले होते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अनुसूची आहे. हे मामांना कोणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं, नाहीतर मीच सांगितलं असतं. सुईच्या रजिस्टरशेजारी हवेचं रजिस्टर ठेवा, त्यात कोणत्या खोलीत कोण किती वर्षं काम करतं हे लिहा, वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी करा. सगळ्यांची म्हणजे कंत्राटदाराच्या माणसांचीही. कंत्राटाच्या अटींत गणवेशाचा रंग लिहिलेला असतो, तिथे फिट टेस्ट आणि आजारपणातला पगार लिहायला जागा आहे.

मामांचे उपचार गेल्या महिन्यात संपले. डॉक्टरांनी फिट लिहून दिलंय, कंत्राटदारही त्यांना परत घ्यायला तयार आहे. मी म्हटलं, ‘मामा, ओपीडीत घ्या ड्युटी.’ ते म्हणाले, ‘सिस्टर, दुर्बीण धुणं माझ्याशिवाय कोणाला नीट जमत नाही, तुम्हीच म्हणायचा ना?’ ते खरं आहे, मीच म्हणत असे. येत्या १ तारखेला ते हजर होतील. त्याआधी ते बेसिन शेजारच्या रिकाम्या खोलीत न्यायचं आहे आणि एक्झॉस्टवरचा पत्रा काढायचा आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत उपविभागाला आणि स्थापत्य उपविभागाला, अशी दोन पत्रं जावी लागतात. दोन्हींचे मसुदे मी लिहून आमच्या अधिष्ठाता कार्यालयात दिले आहेत. त्यांवर सही व्हायची आहे.

आपली,
एक अधिपरिचारिका,
श्वसनविकार विभाग